अंथरूण, पाय आणि सरकारी खर्चाची कात्री



पीएनएमची बैठक होती. विषय नेहमीचाच, रिक्त पदांचा. आमच्या बाजूने सगळे मांडून झाले होते. कुठल्या सेक्शनमध्ये ट्रॅक मेंटेनर किती कमी आहेत, कुठे पॉइंट्समनला बारा-बारा तास उभे राहावे लागते, कुठे की-मन रात्रीचा एकटा चालतो. समोर वित्त विभागाचे एक तरुण अधिकारी बसले होते, आपल्यातलेच, मराठी. त्यांनी सर्व काही शांतपणे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुमच्या आईने तुम्हाला शिकवले असेलच. सरकारला तरी दुसरा कायदा कुठला? हे मी म्हणत नाही, अर्थशास्त्र म्हणते."

आम्ही सात जण गप्प बसलो. म्हण खोटी म्हणावी तर आईला खोटे पाडल्यासारखे आणि खरी म्हणावी तर मागणीच सोडून दिल्यासारखे. चहा आला, विषय पुढे ढकलला गेला, आणि रिक्त पदे होती तिथेच राहिली.

मी मॅट्रिक झालेला माणूस. १९९१ साली गँगमन म्हणून रेल्वेत लागलो. अर्थशास्त्र शिकलो ते युनियनच्या अभ्यासवर्गात, तेही तुकड्यातुकड्याने. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत बसल्यावर ठरवले की "अर्थशास्त्र म्हणते" म्हणजे नेमके कोण म्हणते, कधी म्हणते आणि कोणाच्या बाजूने म्हणते, हे आपण शोधून काढायचे. जे सापडले ते या पानावर मांडत आहे. आठव्या वेतन आयोगाची जी कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली, तिच्यात देशाची आर्थिक परिस्थिती आणि वित्तीय शहाणपणाची गरज विचारात घ्यावी असे कलम आहे. विनाअंशदायी पेन्शनचा बोजाही विचारात घ्या असे त्यात सांगितले आहे. म्हणजे अंथरुणाची म्हण आता आपल्या पगारपत्रकापर्यंत येऊन पोचली आहे. आपण तिचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

आधी आपल्याच पगारपत्रकातली एक गोष्ट आठवा. २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, केंद्र सरकारने महागाई भत्ता गोठवला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गेले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला खरा, पण त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. सरकारने संसदेत सांगितले की त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले. ही झाली कपात. आता त्याच वर्षाचा ऑक्टोबर महिना पाहा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की बाजारात मागणी नाही, ती वाढवली पाहिजे, म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांना १० हजार रुपये बिनव्याजी सण अग्रिम मिळेल आणि एलटीसीच्या बदल्यात रोख व्हाउचर मिळेल. अट अशी की पैसे खर्चच करायचे. व्हाउचरच्या योजनेत तर १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी लागणाऱ्या वस्तूच घ्यायच्या आणि ३१ मार्चच्या आत घ्यायच्या.

एका हाताने भत्ता काढून घेतला, कारण खर्च कमी करायचा होता. दुसऱ्या हाताने अग्रिम दिला, कारण खर्च वाढवायचा होता. माणूस तोच, वर्ष तेच, सरकार तेच. अग्रिम तर आपल्याच पुढच्या दहा पगारांतून फेडायचा होता, म्हणजे भत्ता जाऊन वर कर्ज आले, तो भाग निराळा. मुद्दा असा की एप्रिलमध्ये सरकार एका पंथाचे अर्थशास्त्र बोलत होते आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या पंथाचे. तेव्हा "अर्थशास्त्र म्हणते" असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न हाच, साहेब, एप्रिलचे की ऑक्टोबरचे?

हे दोन पंथ नव्वद वर्षांपूर्वी समोरासमोर उभे ठाकले होते. ती हकिकत आपल्याशीही संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९२९ च्या मंदीनंतर ब्रिटनमध्ये बेकारांची रांग वाढत गेली. बेकारभत्त्याचा खर्च वाढला, कराचे उत्पन्न घटले आणि अंदाजपत्रकात भगदाड पडले. त्या वेळी लंडनच्या अर्थखात्याचे मत ठाम होते, आणि १९२९ च्या अंदाजपत्रकी भाषणात चर्चिल यांनी ते मांडलेही होते. ते मत असे की देशातली बचत ठरलेली असते. सरकारने कर्ज काढून कामे काढली तर तेवढाच पैसा खाजगी उद्योगाच्या हातून निसटतो, एकूण रोजगार काही वाढत नाही. म्हणून सरकारने आपला खर्च उत्पन्नात बसवावा आणि बाजूला व्हावे. आमच्या तरुण अधिकाऱ्यांचे पूर्वज ते हेच.

मग सर जॉर्ज मे यांची समिती बसली. हे गृहस्थ विमा कंपनीतून आलेले. त्यांनी जुलै १९३१ च्या अखेरीस ९ कोटी ६० लाख पौंडांची कपात सुचवली आणि तिच्यातला मोठा वाटा बेकारांच्या भत्त्यातून काढायचा होता. त्या प्रश्नावर मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ ऑगस्टमध्ये फुटले. मॅक्डोनल्ड यांनी विरोधकांना बरोबर घेऊन राष्ट्रीय सरकार बनवले आणि कात्री चालवली. बेकारभत्ता १० टक्क्यांनी आणि शिक्षकांचे पगार १५ टक्क्यांनी कापायचे ठरले. आरमारातल्या खालच्या हुद्द्याच्या काही नाविकांचा रोज चार शिलिंगांवरून तीनवर, म्हणजे थेट २५ टक्क्यांनी खाली. अधिकाऱ्यांची कपात टक्केवारीने याहून पुष्कळच कमी होती. सप्टेंबरात इन्व्हरगॉर्डन बंदरात नाविकांनी जहाजे हलवायला नकार दिला आणि आठवड्याच्या आत, २१ सप्टेंबरला, ब्रिटनला सुवर्णमान सोडावा लागला. ज्या पौंडाची पत राखण्यासाठी म्हणून कपात केली होती, तो पौंड कपातीनंतरच घसरला.

ही कात्री समुद्र ओलांडून इकडेही आली. हिंदुस्थान सरकारने डिसेंबर १९३१ पासून नोकरांच्या पगारात दहा टक्क्यांपर्यंत कपात लावली. ती पूर्णपणे उठायला १९३५ उजाडले. रेल्वेत तर त्याआधीच हजारो माणसे कमी केली जात होती आणि त्यावरून संघटनांनी संपाची भाषा केल्यावर सरकारला चौकशी न्यायालय नेमावे लागले होते. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या खलाशाने लंडनच्या विमा कंपनीवाल्याचे नावही ऐकले नसेल, पण दहा टक्के त्याच्याही खिशातून गेले.

ह्या सगळ्याला विरोध करणाऱ्यांत मुख्य होते जॉन मेनार्ड केन्स. त्यांची पहिली नोकरी १९०६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात, आणि सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे एअरशायर जातीचे वळू मुंबईला जहाजाने पाठवण्याची व्यवस्था करणे. (कारकुनी करताना कंटाळणाऱ्या आपल्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.) केन्स यांचे म्हणणे साधे होते. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. जानेवारी १९३१ मध्ये रेडिओवर बोलताना त्यांनी गृहिणींना सांगितले की अशा दिवसांत पाच शिलिंग वाचवलेत तर कोणाचा तरी एका दिवसाचा रोजगार जाईल, तेव्हा उद्या सकाळी बाजारात जा. सुबत्तेच्या काळात सरकारने हात आखडावा, मंदीत सैल सोडावा, हा त्यांचा सल्ला. सरकारने नेहमीच उधळावे असे ते कधीच म्हणाले नाहीत, आणि आपले काही वक्ते त्यांच्या तोंडी ते घालतात ते बरोबर नाही.

ऑक्टोबर १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दोन पत्रे दोन दिवसांच्या अंतराने छापून आली. १७ तारखेच्या पत्रावर केन्स, पिगू आणि इतरांच्या सह्या. त्यांचे म्हणणे, आज व्यक्तीने आणि नगरपालिकांनी खर्च आवरणे देशहिताचे नाही. १९ तारखेला उत्तर आले लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकांचे. हायेक, रॉबिन्स, ग्रेगरी आणि प्लँट. त्यांचे म्हणणे, मंदी हे आधीच्या चुकीच्या गुंतवणुकीचे फळ आहे. सरकारने खर्च वाढवून ते दुखणे लांबवू नये, व्यापारावरचे निर्बंध तेवढे काढावेत. यातले ग्रेगरी पुढे हिंदुस्थान सरकारचे आर्थिक सल्लागार झाले. आणि रॉबिन्स यांनी म्हातारपणी, १९७१ च्या आत्मचरित्रात, मोकळेपणाने कबूल केले की त्या मंदीत सरकारी खर्चाला विरोध करणे ही आपली मोठी चूक होती. एवढा मोठा विद्वान चूक मान्य करतो. आपल्याकडे एखादा सेक्शन इंजिनिअरही करत नाही, आणि खरे सांगायचे तर युनियनचे सेक्रेटरीही करत नाहीत.

तरी इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कपातीनंतर ब्रिटन हळूहळू सावरले. कपातवादी म्हणतात, पाहा, कपात फळली. दुसरे म्हणतात की सावरण्याचे कारण सुवर्णमान सुटला हे, आणि जून १९३२ मध्ये बँकेचा व्याजदर २ टक्क्यांवर आला हे. मला दुसरे कारण जास्त पटते, कारण कपात सुरू झाल्यावरही बेकारांचा आकडा ३० लाखांच्या घरात होता. पण वाद आहे तो आहे.

आता अंथरुणाकडे येऊ. आईची म्हण घराला शंभर टक्के लागू आहे. माझ्या घरी मी साखर कमी आणली म्हणून रेल्वे माझा पगार कमी करत नाही. माझा खर्च वेगळा, माझे उत्पन्न वेगळ्या ठिकाणाहून येते. सरकारचे तसे नाही. मी ज्या जंक्शनवर लागलो तिथे स्टीम शेड होते, कॉलनी भरलेली होती. कॉलनीच्या नाक्यावर एक किराणावाला होता. त्याच्याकडे उधारीच्या वहीत आम्हा सगळ्यांची नावे. शेजारी शिंपी, त्याच्या पलीकडे सायकलवाला. शेड बंद झाले, पदे सरेंडर होत गेली, निवृत्तांच्या जागी कोणी आले नाही, क्वार्टरना कुलपे लागली. किराणावाल्याची वही पातळ झाली. शिंपी गावी गेला. हे दोघे काही सरकारी नोकर नव्हते आणि कुठल्याही वेतन आयोगात त्यांचे नाव नव्हते, पण कपात त्यांचीही झाली. किराणावाल्याने मग माल कमी उचलला, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याचीही झाली. आणि ह्या सगळ्यांकडून सरकारला जो कर यायचा तोही कमी झाला. म्हणजे सरकारने पाय आखडले आणि त्याबरोबर अंथरूणही आखडले. इटारसी असो, खरगपूर असो, हुबळी असो, रेल्वे कॉलनीत राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. अर्थशास्त्रात ह्याला गुणक म्हणतात. एक रुपया कापला तर एकूण उत्पन्न किती रुपयांनी घटते, तो हिशेब.

हा गुणक किती, ह्यावरच सगळे भांडण आहे.

केन्सविरोधी पंथ म्हणतो की तो लहान आहे, जवळजवळ शून्य. शिकागोच्या मिल्टन फ्रीडमन यांच्या मते सरकारी खर्चापेक्षा बाजारात पैसा किती आहे ह्याला महत्त्व. रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये मांडले की सरकारने आज कर्ज काढले तर लोक ओळखतात, उद्या कर वाढणार, आणि म्हणून आजच तेवढी बचत करून ठेवतात. तेव्हा सरकारच्या खर्चाचा परिणाम उरतच नाही. मी आमच्या चाळीत चौकशी केली. २०४५ सालच्या आयकराची तरतूद म्हणून आज दूध कमी घेणारा माणूस काही मला सापडला नाही. पण हा सिद्धांत परदेशी विद्यापीठांत शिकवला जातो आणि तिथे शिकलेले लोक इथे येऊन सल्लागार होतात.

जेम्स ब्यूकॅनन यांचे म्हणणे मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले. ते म्हणतात, खर्च करायला प्रत्येक राजकारण्याला आवडते, कर लावायला कोणालाच नाही. म्हणून लोकशाहीत तूट ही सवयच होऊन बसते. खात्याचा प्रमुख आपले खाते फुगवतो, कंत्राटदार आपले बिल फुगवतो, आणि पैसे भरणारा सामान्य माणूस विखुरलेला असतो. बंधूंनो, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. वर्षअखेरीला मार्चमध्ये निधी संपवण्यासाठी होणारी रंगरंगोटी आपण पाहिली नाही काय? तेव्हा "कुठलीही कपात म्हणजे नाणेनिधीचे कारस्थान" ही आपली जुनी घोषणा पुरेशी नाही. नामदार गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदे मंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले तेव्हा त्यांनीही कपातच मागितली होती, पण ती लष्करी खर्चात. दुष्काळाने गांजलेल्या लोकांकडून मिठावर कर घेऊन तिजोरीत शिल्लक दाखवणे हा राज्यकारभाराचा गौरव नव्हे, असा त्यांचा आरोप होता, आणि प्राथमिक शिक्षणावर खर्च वाढवा ही मागणी. कपात कशात आणि वाढ कशात, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपणही तोच विचारला पाहिजे.

कपात फळल्याचे एक उदाहरण कपातवादी नेहमी देतात ते कॅनडाचे. १९९५ च्या अंदाजपत्रकात पॉल मार्टिन यांनी मोठी कात्री लावली, केंद्राची सुमारे ४५ हजार पदे कमी करायचे जाहीर झाले, धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरचे जुने अनुदान संपवले आणि त्याच वर्षी कॅनेडियन नॅशनल रेल्वे विकली. १९९७-९८ पर्यंत तूट जाऊन शिल्लक आली आणि मंदीही आली नाही. हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी शेजारच्या अमेरिकेत भरभराट होती, कॅनडाचा डॉलर स्वस्त होता आणि व्याजदर उतरत होते. सरकारने सोडलेली जागा निर्यातीने भरून काढली. जिथे शेजारी घेणारा आहे तिथे आपण घरात थोडे कमी खाल्ले तर दुकान चालते.

ग्रीसमध्ये तसा शेजारी नव्हता आणि स्वतःचे चलनही नव्हते. २०१० पासून नाणेनिधी आणि युरोपीय संस्थांनी कर्जाच्या बदल्यात एकामागून एक कपाती लादल्या. पगार कापले, पेन्शन अनेकदा कापली. देशाचे एकूण उत्पन्न जवळजवळ चौथ्या हिश्शाने घसरले. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. आणि ज्या कर्जासाठी हे केले ते उत्पन्नाच्या तुलनेत २००९ मध्ये १२७ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१४ मध्ये १८० टक्क्यांच्या आसपास पोचले. पाय इतके आखडले की अंथरूण उशीएवढे राहिले. मग खुद्द नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ब्लाँशार आणि त्यांचे सहकारी लाय यांनी २०१२-१३ मध्ये हिशेब मांडून दाखवला की अंदाज करताना गुणक अर्धा धरला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ च्या दरम्यान निघाला. म्हणजे आमचा किराणावाला बरोबर होता.

त्याच काळात राइनहार्ट आणि रोगॉफ ह्या हार्वर्डशी संबंधित दोन अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध सगळीकडे नाचवला जात होता. देशाचे कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका विद्यार्थ्याने त्यांचा संगणकावरचा तक्ता मागवून घेतला तेव्हा आढळले की सूत्र ओढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ती आणि इतर गफलती दुरुस्त केल्यावर अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के निघाली. लेखकांनी तक्त्यातली चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. आपल्या एखाद्या क्लार्कने पगारपत्रकात पाच ओळी सोडल्या असत्या तर त्याला चार्जशीट मिळाली असती.

आता ज्या माणसाचे नाव आपल्या अभ्यासवर्गात घ्यायला हवे आणि फारसे घेतले जात नाही, ते मिखाल कालेत्स्की. पोलंडचे, शिक्षणाने इंजिनिअर, मार्क्सच्या परंपरेतले. १९५९-६० मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊनही गेले होते. १९४३ च्या एका लेखात त्यांनी विचारले, सरकारी खर्चाने सर्वांना काम देता येते हे कळूनही उद्योगपती त्याला विरोध का करतात? त्यांचा नफाही तर त्याने वाढेल. त्यांचे उत्तर असे की सर्वांना काम मिळाले तर नोकरीवरून काढण्याच्या धमकीला किंमत राहत नाही. कामगाराचा धाक सुटतो, शिस्त बिघडते, आणि मालकाला नफ्यापेक्षा शिस्त प्यारी असते. मला हे वाचल्यावर कंत्राटी कामगारांचे चेहरे आठवले. ज्या कामावर कायम पद सरेंडर झाले त्याच कामावर ठेकेदाराचा माणूस येतो, आणि तो पीएनएममध्ये प्रश्न विचारत नाही. टपाल खात्यातल्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको. देशात १ लाख ६४ हजारांहून अधिक टपाल कार्यालये, दहातली नऊ ग्रामीण भागात, आणि त्यांतली बहुसंख्य चालवतो तो ग्रामीण डाक सेवक. काम सरकारचे करतो, पण नियमित खाते कर्मचारी म्हणून त्याची गणना होत नाही. खर्च वाचला असे कागदावर दिसते, पण तो त्याच्या म्हातारपणावर ढकलला आहे.

अलीकडे अमेरिकेत आणखी एक पंथ निघाला आहे. त्याचे म्हणणे, ज्या सरकारच्या हाती स्वतःचे चलन आहे त्याला पैशाची टंचाई नसतेच, मर्यादा असते ती माणसे, माल आणि महागाई यांची. ऐकायला गोड आहे. पण आपण तेल बाहेरून आणतो आणि डॉलर नाशिकच्या छापखान्यात छापता येत नाहीत. १९९१ च्या जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पाठवावे लागले, ते विसरून चालणार नाही.

१९९१ चा उल्लेख आला म्हणून आपल्या घरचा हिशेब सांगतो. २४ जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात डॉ. मनमोहन सिंग यांनी तूट खाली आणायचे ठरवले. खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवायचा प्रस्ताव आला, खासदारांनी आरडाओरडा केला, वाढ ३० टक्क्यांवर आली. शेतकऱ्यांना आवाज होता. पण रुळाला, पुलाला, सिग्नलला आवाज नसतो. बदलायला झालेला रूळ आणखी दोन वर्षे वापरला तर तो विधानसभेवर मोर्चा आणत नाही. नव्वदच्या दशकात गाड्या वाढत गेल्या आणि नूतनीकरणाची थकबाकी साचत गेली. शेवटी २००१ मध्ये १७ हजार कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारावा लागला, तोही मुदत उलटलेले रूळ, पूल, डबे आणि सिग्नल बदलण्यासाठी. त्यातले ५ हजार कोटी प्रवाशांवर अधिभार लावून काढले. पूर्वी जी "बचत" म्हणून दाखवली होती ती उधारी होती, आणि ती फेडली तिकीट काढणाऱ्याने. सोळा वर्षांनी, २०१७ मध्ये, पुन्हा १ लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोश जाहीर करावा लागला.

माणसांचेही तेच. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये दहा वर्षांत ३० टक्के कर्मचारी कमी करा असे सुचवले. मे २००१ च्या आदेशाने थेट भरती एकूण संख्येच्या १ टक्क्यावर आणली, निवृत्त होणार होते ३ टक्के, म्हणजे दरवर्षी २ टक्के घट. कोणाला काढले नाही, कोणाला नोटीस दिली नाही, म्हणून संपही झाला नाही. रेल्वेत १९९०-९१ मध्ये साडेसोळा लाख माणसे होती, २०२३ च्या सुमारास १२ लाखांच्या आसपास. याच काळात मालवाहतूक ३२ कोटी टनांवरून १५० कोटी टनांच्या पुढे गेली. यंत्रे आली, टॅम्पिंग मशीन आले, विजेचे इंजिन आले, म्हणून काही पदे खरोखरच लागेनाशी झाली हे मी मानतो. पण पावसाळ्यात रात्री पुलाजवळ उभा राहणारा पेट्रोलमन यंत्राने कमी केलेला नाही, तो 'मॅचिंग सेव्हिंग'ने कमी केला आहे. इकडे एक पद हवे तर तिकडचे तेवढ्याच किमतीचे सरेंडर करा. ह्यालाच अंथरूण म्हणतात.

२००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने तूट ३ टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. २००८ ची जागतिक मंदी आली, बंधन बाजूला ठेवले. २०२०-२१ मध्ये तूट ९.२ टक्के झाली आणि देश काही बुडाला नाही. उलट तेव्हा खर्च केला नसता तर काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. संकटात सगळीच सरकारे केन्सची होतात आणि संकट ओसरले की चर्चिलची. आपला महागाई भत्ता मात्र संकटातही चर्चिलच्या हिशेबात गेला.

पुढल्या पीएनएमला ते तरुण अधिकारी असतील तर मी त्यांना म्हणणार आहे की साहेब, म्हण बरोबर, पण हे अंथरूण विणणारे हात कोणाचे ते आधी पाहू. या सेक्शनवर दहा वर्षांत वाचवलेला पगार एका रकान्यात मांडा. त्याच दहा वर्षांत ठेकेदाराला दिलेली बिले, ओव्हरटाइम, वेगमर्यादा लागल्याने गाड्यांचे वाया गेलेले तास, आणि अपघात झाला असेल तर त्याची भरपाई, हे दुसऱ्या रकान्यात. बेरीज तुम्हीच करा, फक्त ओळी सोडू नका.

ह्यासाठी आकडे लागतील. प्रत्येक शाखेने, मग ती रेल्वेची असो की टपालाची आणि महाराष्ट्रात असो की बाहेर, आपल्या युनिटमध्ये २००१ साली मंजूर पदे किती होती, आज किती आहेत, प्रत्यक्ष हजर किती, ठेक्यावर किती, एवढे एका कागदावर लिहून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कार्यालयाकडे पाठवावे. कॉलनीच्या नाक्यावरची किती दुकाने बंद झाली तेही लिहावे. टाइप केलेले नसले तरी चालेल, उधारीच्या वहीचे पान असले तरी चालेल, मात्र शाखा सचिवाची सही हवी.